बिब्बा उतलेला हात

माझ्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत, एक डाग आहे. कडेनं तपकिरी, मधे काळपट. नव्या ओळखीच्या बायका विचारतात, भाजलं होतं का? मी हो म्हणून मोकळी होते. खरं सांगायला बसलं की चहा निवतो, आणि नवरा होता तोवर ऐकणारीला मग त्याच्याकडे बघवत नसे. तो बापडा समोरच पेपर वाचत बसलेला असायचा. बापडा म्हणते खरी, पण त्या दिवशी दिवा त्यानंच धरला होता.

मी चांदूर बाजारची. लग्न होऊन अकोल्याला आले, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. घरात सासू, मोठे दीर म्हणजे आमच्या बोलीतले भासरे, त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ, आणि आम्ही दोघं. भासरे जिनिंगात मुकादम होते. आवाज मोठा, हात त्याहून मोठा. माझा नवरा कोर्टात कारकून, घरात शब्द न काढणारा. जाऊ सासूच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे सून आणि भाची दोन्ही. तिला मूलबाळ नव्हतं आणि मला वर्षभरातच मुलगी झाली. यावरून घरात काय चालत असेल ते सांगायला नको. तरी पहिली काही वर्षं आमचं बरं होतं. ती माझ्या पोरीला न्हाऊ घालायची, पोर तिला मोठी आई म्हणायची.

नवा महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागची गोष्ट. पोळ्यानंतर जाऊ जेवणावरून कुरकुर करायला लागली. स्वयंपाक माझ्याकडे होता. वऱ्हाडातलं घर, मिरची काय ती चवीपुरती थोडीच पडते? पण ती आधी ठेचा नको म्हणाली, मग भाजी धुवून खायला लागली, मग भाकरी दुधात बुडवून तिचा लगदा करायची आणि तोंड वाकडं करून गिळायची. सासूनं निकाल दिला की मी मुद्दाम तिच्या पानात तिखट जास्त घालते. मी तिच्यासाठी वेगळी फिकी भाजी करू लागले. तीही तिला झोंबायची. मिठानंसुद्धा झोंबायचं. आता बिनमिठाची भाजी करणारी मी, आणि मीच म्हणे तिखट घालणारी! माझं डोकं आधीच गरम, त्यात हे.

दिवाळी झाली आणि एक दिवस तिनं भरलं ताट माझ्या अंगावर सरकवलं. वरण माझ्या लुगड्यावर सांडलं. "मले मारून टाकायले पाह्यतं काय वं?" असं ओरडली. मी उठले आणि आठ घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तुह्या अंगाले आग लागो!"

म्हटलं ते म्हटलं. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. भांडणात बायका याहून वाईट बोलतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या वेण्या घालतात. पण माझं नशीब असं की पंधरवड्याच्या आत तिच्या अंगाला खरंच आग लागली.

आधी छातीवर चोळीच्या आत एक फोड आला. मग पाठीवर. मोठाले, लिबलिबीत, पाण्यानं भरलेले. फुटले की खाली लालभडक मांस उघडं पडायचं आणि चोळी त्याला चिकटून बसायची. ती सोडवताना ती किंचाळायची ते गल्लीच्या टोकाला ऐकू यायचं. सासूनं कडुलिंबाचं पाणी केलं, काव उगाळून लावली. फोड वाढतच गेले.

मग सासूच्या डोक्यात बिब्बा शिरला. बिब्ब्याचं काळं बी आमच्याकडे प्रत्येक घरात असतं. पायात काटा मोडला, टाच फुटली की बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटतं ते गरम गरम लावायचं. वरठी, म्हणजे धोबी, धुण्यावर खूण करतो तीसुद्धा बिब्ब्याचीच, आणि ती खूण मानेला लागून एखाद्याला उतते, फोड येतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच सुमाराला मी माझ्या फुटलेल्या टाचेला बिब्बा लावला होता. आणि घरातलं वाळलेलं धुणं घडी घालायचं काम माझं. जावेच्या चोळ्याही त्यात. तिखट घालणारी मी, शाप देणारी मी, बिब्बा हाताळणारी मी, चोळ्या घड्या करणारी मी. आणखी काय पाहिजे?

भासऱ्यांनी मला चुलीपुढून केसाला धरून माजघरात ओढत आणलं. दुपारची वेळ. मी त्यांच्या पोटरीला चावले तेव्हा त्यांनी माझं तोंड जमिनीवर आपटलं. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. "सांग, चोळीले बिब्बा लावला का नाई?" मी म्हटलं, "लावाचा असता तं तुमच्या डोयात लावला असता." त्यावर त्यांनी मला पालथी पाडून पाठीवर गुडघा दिला. माझा श्वास बंद झाला.

सासू म्हणाली, "मारू नको. पारख करू. माह्या माहेरी अशीच पारख करत. खरी असन तं उतनार नाई. खोटी असन तं उतन."

तिनं बिब्बा सुईला टोचला. रॉकेलची चिमणी पेटवून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. मी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. चिमणी त्यानं सोडली नाही. बिब्बा तडतडला, काळं तेल सुटलं, आणि सासूनं ते उकळतं तेल माझ्या उजव्या हातावर मनगटापासून वरपर्यंत ओढलं. मी ओरडले नाही असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी गुरासारखी ओरडले. दारात माझी पोर भाकरीचा तुकडा धरून उभी होती, दोन वर्षांची. आणि भिंतीशी टेकून जाऊ बसली होती. तिच्या फोडांवर केळीचं पान.

दुसऱ्या दिवशी हात नुसता काळा होता, थोडा भाजल्यासारखा. मी तो सासूच्या नाकापुढे नाचवला. "पाहा आत्याबाई, उतला काय?" दिवसभर मी घरात ताठ मानेनं फिरले. भासरे माझ्यापुढे यायचं टाळत होते. त्याच्या पुढच्या सकाळी उठले तर हात सुजून दुप्पट झालेला, लालबुंद, काळ्या पट्ट्याभोवती फोडच फोड आणि अशी खाज की भिंतीवर हात घासून सालं काढावीशी वाटत होती. सासूनं सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. पारख झाली होती.

मग मला खूप मारलं. कोणी किती आणि कशानं ते सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मुसळ भासऱ्यांनी उचललं होतं तेवढं नवऱ्यानं काढून घेतलं, हे त्याच्या खात्यावर. पोरीला सासूनं कडेवर घेऊन दार लावलं. "इले आमी वाढवू. तू जाय तुह्या मायकडे." मी त्या दाराला डोकं आपटलं. आतून पोरगी रडत होती, मी बाहेरून. नवऱ्यानं मला मोटार स्टँडवर आणून बसवलं आणि तिकीट काढून दिलं. म्हणाला, "थोडं शांत होऊ दे." मी त्याच्या तोंडावर थुंकले.

चांदूर बाजारला माझा भाऊ मला पाहून कुऱ्हाड शोधायला लागला. आईनं ती लपवली. माझं एकच म्हणणं होतं, माझी पोर आणून द्या. बाकी कोणाचं डोकं फोडायचं ते नंतर फोडा. गावातल्या एका वकिलानं सांगितलं की पोलिसात जायचं असेल तर आधी हात सरकारी डॉक्टरला दाखवा, त्याचा दाखला घ्या. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात चामडीचे डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस बसत. त्या दिवशी भाऊ मला घेऊन गेला.

आणि व्हरांड्यात पाहते तर बाकावर सासू, तिच्या मांडीवर डोकं ठेवून जाऊ, आणि शेजारी भासरे. जावेची तब्येत फारच खालावली म्हणून अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे टांग्यानं तिला आणलं होतं. डॉक्टर एकच दिवस बसतात म्हटल्यावर गाठ पडणारच होती.

भाऊ सरळ तिकडे गेला आणि भासऱ्यांच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की ते बाकावरून खाली आले. मग ते उठले. मग दोघंही फरशीवर. रोगी लोक भिंतीला चिकटले, एका म्हातारीचं दुधाचं भांडं लवंडलं. भासऱ्यांच्या तोंडातून रक्तासकट एक दात पडला. मी ओरडत होते, "अजून मार!" सासू ओरडत होती, "इनंच बिब्बा लावला माह्या पोरीले! इनंच लावला!" मी म्हटलं, "लावला तं तुमीच. मले लावला!"

डॉक्टर आतून बाहेर आले. पुण्याकडचे, सडसडीत, चष्मा. दोन शिपायांनी भावाला आणि भासऱ्यांना बखोटीला धरून वेगळं केलं. डॉक्टरांनी विचारलं, "बिब्बा कोणाला लावला?" दोन्हीकडून एकदम दोन बायकांकडे बोटं गेली. त्यांनी एकदा जावेकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे, आणि म्हणाले, "दोघींनाही आत आणा. आणि हे दोन पैलवानसुद्धा. पाहू देत."

आत त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी स्टुलावर बसवलं. मी तिच्या इतक्या जवळ त्या दिवसानंतर पहिल्यांदा बसले होते. तिच्या अंगाला घाण वास येत होता.

आधी माझा हात. "खाज आहे?" मरणाची, मी म्हटलं. "लावलं केव्हा, फोड केव्हा?" सांगितलं. त्यांनी बोटानं दाखवलं ते मी कधी विसरले नाही. जिथं तेल ओढलं तिथंच, ओढलं तसंच, कड अगदी स्पष्ट. मधे काळा डाग. भोवती लाली, सूज, बारके गच्च फोड. "हा बिब्बा," ते म्हणाले.

मग त्यांनी जावेची पाठ उघडली. तिथं कुठली रेघ नव्हती की काळा डाग नव्हता. चांगल्या दिसणाऱ्या कातडीतूनच फोड वर आला होता, भोवती लालीचं नाव नाही. "खाज?" जावेनं मान हलवली. खाज नव्हती, आग होती. डॉक्टरांनी एका फोडाच्या कडेला बोटानं हळूच दाबलं, तर आतलं पाणी पुढे सरकलं आणि फोड मोठा झाला. मग त्यांनी खांद्याजवळ, जिथं काहीच झालेलं नव्हतं अशा जागी, अंगठा टेकवून जरासा घासला. वरची कातडी भिजलेल्या वालाच्या सालासारखी सरकून आली. जाऊ कण्हली. भासरे तोंडावरचा रुमाल तसाच धरून पाहत राहिले. डॉक्टरांनी तोच अंगठा माझ्या दंडावर घासला. काही झालं नाही.

"हिची कातडीच आतून सुटते आहे," ते म्हणाले. "बाहेरून कोणी काही लावून असं होत नाही."

सासू म्हणाली, "मंग हिचा हात काहून उतला? टाचेले लावते तवा तं उतत नाई. पारख खोटी असते काय?"

"बिब्बा लावला तर पुष्कळांना उततो. खऱ्यालाही आणि खोट्यालाही. हिच्या टाचेला उतला नाही कारण टाचेची कातडी जाड असते. तुमच्या हाताला लावून पाहू?"

सासूनं दोन्ही हात पदराखाली घेतले. माझ्या भावाला हसू फुटलं, आणि मला त्या क्षणी सासूचा गळा धरावासा वाटला. इतकी सोपी गोष्ट होती तर!

डॉक्टरांनी जावेला तोंड उघडायला सांगितलं. तिनं उघडलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि नवऱ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी चमच्यानं गाल बाजूला केला, बॅटरी धरली. गालाच्या आतून, टाळूला, हिरड्यांना सालपटं निघालेली, जागोजाग लाल चट्टे. मी ते जवळून पाहिलं. आणि मला ती बिनमिठाची भाजी आठवली.

"हे केव्हापासून?"

"तोंड आलं असन," सासू म्हणाली. "उष्णता हाये तिले."

"मी त्यांना विचारतोय. आधी तोंड की आधी अंग? नीट सांगा. मी चुकीचं औषध दिलं तर तुम्ही वाचणार नाही."

जावेनं माझ्या हाताकडे पाहिलं. नंतर खाली पाहून बोलली. "तोंड आधी. पोया झाला तवापासून."

"पोया?" भासरे म्हणाले. "आन सांगितलं नाई?"

"सांगितलं असतं तं तुमी दुसरी आनली असती." ती रडत नव्हती, सरळ सांगत होती. "लेकरू नाई, आन वरून रोगी. बिब्बा म्हटलं तं बरा होते. रोग म्हटलं तं सवत येते."

मी म्हटलं, "आन माहा हात धरला तवा तुले ठाऊक होतं?" ती म्हणाली, "हो." मी तिला मारायला हात उचलला, तोच सुजलेला हात, आणि डॉक्टरांनी तो हवेत धरला. धरल्याबरोबर फोड फुटले आणि पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. मी मोठ्यानं रडले.

डॉक्टरांनी एका ताज्या फोडाचं वरचं साल काढून तळाचा भाग खरवडला, तो काचेवर पसरला, त्याला निळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. मग भासऱ्यांना बोलावून पाहायला लावलं. कातडीचे कण एकमेकांना विटांसारखे धरून असतात, हिचे सुटे होऊन गोल गोल तरंगतायत, असं काहीसं सांगितलं. रोगाचं नाव पेम्फिगस. का होतो ते आम्हाला अजून कळलेलं नाही, म्हणाले. मागे याची माणसं काही महिन्यांत जात. आता नवीन गोळ्या निघाल्या आहेत, कॉर्टिसोनच्या जातीच्या. त्या चालू करू. कातडीचा एक तुकडाही त्यांनी कापून तपासणीला पाठवला, पण म्हणाले, त्याची वाट पाहत बसायचं नाही, हिला आत्ताच भरती करा.

मला दाखला मिळाला. तो घेऊन मी पोलिसात गेले नाही. मला पोर हवी होती. भासरे सुजल्या तोंडानं माझ्यासमोर उभे राहिले. माफी वगैरे नाही. म्हणाले, "चाल. पोरगी नेऊन घे." सासूला जावेपाशी ठेवून आम्ही तिघं अकोल्याला निघालो. अख्ख्या रेल्वेप्रवासात माझा भाऊ आणि भासरे समोरासमोर बसले होते आणि मला मात्र कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी काही केलं नव्हतं.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. पोरगी अंगणात खेळत होती. मी हाक मारली, हात पसरले. तिनं पाहिलं आणि धावली. माझ्याकडे नाही. बापाच्या पायामागे गेली आणि त्याचं धोतर मुठीत धरलं.

"नको," म्हणाली. "मले बिब्बा लावशीन. मोठ्या आईले लावला."

सासूनं ते तिला रोज सांगितलं होतं. नवऱ्यानं ऐकलं होतं. मी तिला तशीच उचलली. ती किंचाळली, लाथा मारल्या, आणि माझ्या उजव्या हाताला, त्याच जागी, कडकडून चावली. मी सोडली नाही. ती चावत राहिली आणि मी तिला घेऊन त्या घरातून बाहेर पडले. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. एकीलाही मी थांबून सांगितलं नाही की डॉक्टर काय म्हणाले.

नवरा महिन्याभरानं चांदूर बाजारला आला. मी अट घातली की वेगळी खोली घेशील तरच. त्यानं स्टेशनाकडे घेतली. त्याच्याबरोबर मी उरलेलं सगळं आयुष्य काढलं आणि त्यानं माझ्यासमोर पुन्हा कधी दिवा लावला नाही. दिवे मीच लावायची. जाऊ गोळ्यांवर पुष्कळ वर्षं जगली. तोंड फुगून गोल झालं, पण कातडी परत धरली. सवत आली नाही. भासरे दर महिन्याला गोळ्यांसाठी स्वतः अमरावतीला जात. मी जावेला क्षमा केली नाही. पण ती जगली याचं मला बरं वाटलं, हेही खरं.

पोरीनं माझ्या उजव्या हातचा घास घ्यायला फार दिवस लावले. तोवर मी डाव्या हातानं भरवायची. आई म्हणायची, डाव्या हातानं काय भरवतं वं, बरं दिसत नाई. मी म्हणायची, जेवून राहिली ना?

ती मुलगी आता नातवंडांची आजी आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही. पण अजूनही मी काही दिलं, वाटी असो की नुसती सुपारी, की घ्यायच्या आधी ती एकदा माझ्या उजव्या हाताकडे पाहते. मी विचारते, "काय पाह्यतं वं?"

ती म्हणते, "काई नाई. असंच."